कानताई

गेल्या काही महिन्यांत अश्लेषा गायधनीला कुणाची सगळ्यात जास्त चीड येत असेल, तर ती स्वतःच्याच आवाजाची.

"मल्हार, पास दे! अरे, पास!" कठड्यावर वाकून ती बोंबलत होती. मल्हारने पास दिला नाही. पक, म्हणजे खेळातली ती रबराची चकती, काठीशी धरून तो तिघांच्या गर्दीत घुसला, आणि व्हायचं तेच झालं. बर्फावर लांबवर घसरत जाऊन तो फळ्यांवर आपटला. उठून बाकाकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आपण काही चुकलो याचा मागमूसही नव्हता.

"मी काय सांगत होते तुला?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, आत घुस म्हणून."

"मी? मी इथे पास दे म्हणून घसा फोडतेय!"

"तुम्ही म्हणजे... तुम्ही नाही. कानातल्या तुम्ही." मल्हार शांतपणे पाणी प्यायला. बारा वर्षांचं पोर, पण समजावण्याचा सूर असा, की जणू विद्यार्थिनी अश्लेषाच. "आणि त्या ओरडत नाहीत, ताई."

बाकावरची पोरं फिसकन हसली. अश्लेषाने डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. आकडे मोजून राग जातो हे ज्याने शोधून काढलं, त्याने कधी लहान मुलांना आइस हॉकी शिकवलेली नसणार.

नाशिकमध्ये आइस हॉकी म्हटल्यावर पूर्वी लोक हसायचे. आता हसत नाहीत, कारण दिंडोरी रस्त्यावर तुषार पगारांच्या द्राक्षांच्या शीतगृहात रिंक होऊनही बरीच वर्षं झाली. उन्हाळे लांबत गेले, बागांचे हंगाम पुढेमागे झाले, निर्यात आटली आणि शीतगृहाचा मोठा हॉल रिकामाच गार राहायला लागला. त्यातच लडाखला फिरायला गेलेल्या तुषारने गोठलेल्या तळ्यावर पोरं काठ्या घेऊन पळताना पाहिली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. त्याने जमिनीखाली नळ्या टाकल्या, पाणी सोडलं, बर्फ धरला. शिकवायला कुणी मिळेना तेव्हा त्याला अश्लेषा सापडली. ती गंगापूर रोडला चाकांच्या स्केट्सवर वाढलेली, लडाखच्या हिवाळी शिबिरांत बर्फावर आलेली, देशाच्या महिला संघातून खेळून शेवटी गुडघा दुखावून घरी बसलेली. आजही शेजारच्या खोल्यांत द्राक्षं भरली की यंत्रं गारवा तिकडे ओढतात आणि रिंकच्या कडेला पाणी सुटतं. त्यावरून ती तुषारशी दरवर्षी भांडते, आणि तुषार दरवर्षी "बघू मॅडम, करू काहीतरी" म्हणतो.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र अश्लेषाचा एक हट्ट होता, आणि तो तिने आठ वर्षं सोडला नव्हता.

आइस हॉकीत गोलकीपर सोडून पाच खेळाडू बर्फावर असतात. पण संपूर्ण ताकदीने कुणी पाऊण मिनिटाहून जास्त पळू शकत नाही. म्हणून खेळ चालू असतानाच दमलेला खेळाडू कठड्याशी येतो, त्याच्या जागी बाकावरचा उडी मारून आत जातो. या छोट्या खेपेला शिफ्ट म्हणतात. बहुतेक प्रशिक्षक घड्याळ बघून नावं पुकारतात. अश्लेषा पुकारत नसे. "दमलात की स्वतःहून यायचं. मी हाक मारणार नाही." नव्या मुलांना हे शिकायला वर्ष वर्ष लागायचं. काही जण आळसाने लवकर यायचे, काही आईबाबांना दिसावं म्हणून आतच रेंगाळायचे. हळूहळू मात्र प्रत्येकाला आपल्या छातीतलं, मांड्यांतलं काहीतरी ओळखता यायला लागायचं, आणि जागा दुसऱ्याला देण्यात कमीपणा वाटेनासा व्हायचा. गोल मारायला कुणीही शिकवेल, असं ती म्हणायची. तिचा सगळा अभिमान या एका गोष्टीत होता.

तर अशा बाईच्या रिंकवर 'सहवाणी' आली.

सहवाणी म्हणजे हेल्मेटच्या पट्ट्यात, जबड्याच्या हाडाला टेकणारी एक बोटभर पट्टी. आवाज कानातून जातच नाही. हाडाच्या कंपनातून थेट आत पोचतो, त्यामुळे बाहेर कितीही गोंगाट असला तरी स्पष्ट ऐकू येतो. जोडीला अंगातला एक बंडीसारखा पट्टा, जो हृदयाचे ठोके, श्वास आणि पायांची गती मोजतो. हे सगळं बघून यंत्र त्या त्या मुलाला, त्या त्या क्षणी, जे सांगायला हवं ते सांगतं. आवाज प्रशिक्षकाचा.

कंपनीतर्फे पुण्याहून आलेल्या केतकी सोमणने पालकांच्या बैठकीत ते छान समजावून सांगितलं होतं. केतकी मेंदूवर संशोधन केलेली मुलगी, बोलायला साधी. "परका माणूस 'डावीकडे' म्हणाला तर मेंदू आधी तपासतो: हा कोण, याचं ऐकायचं का," ती म्हणाली. "विश्वासाच्या माणसाने म्हटलं तर तपासणी गाळली जाते. पाय आधी हलतात, विचार मागून येतो. खेळात तेवढा वेळ खूप असतो. दुसरी गोष्ट थकव्याची. थकवा स्नायूंतून येतो असं आपल्याला वाटतं. पण बराचसा थकवा हा मेंदूचा अंदाज असतो. स्नायू खरोखर संपायच्या पुष्कळ आधी मेंदू 'बस' म्हणतो, राखीव काहीतरी शिल्लक राहावं म्हणून. विश्वासाचा आवाज म्हणाला 'अजून आहे तुझ्यात', तर तो अंदाज पुढे सरकतो. मूल खरंच जास्त पळतं."

पालकांचे डोळे लकाकले ते या शेवटच्या वाक्याला.

अश्लेषाने होकार दिला, त्यामागे तिचंही गणित होतं. पोरं अठरा, आणि तोंड एक. मल्हारला रागवेपर्यंत इकडे झोयाचं काहीतरी चुकलेलं असायचं. रिंकवरच्या कॅमेऱ्यांत तिच्या आठ वर्षांच्या सरावाचं ध्वनिमुद्रण होतंच. त्यातून यंत्राने तिचा आवाज उचलला. फक्त ओरडणं, टोमणे, "अरे देवा, काय हे ध्यान" वगैरे सगळं गाळलं. राहिली ती एक गोड, कधीही न वैतागणारी अश्लेषा. पोरांनी तिचं नाव ठेवलं कानताई.

आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला फायदा झाला. झोया शेख ही त्यांची गोलकीपर पक अंगावर आला की डोळे मिटायची. कानताई तिच्याशी अखंड बोलत राहिली आणि झोयाचे डोळे उघडे राहायला लागले. अश्लेषाला दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते कानताईने एका महिन्यात केलं. अश्लेषाला आनंद झाला आणि जरा झोंबलंही.

पुढे मात्र काहीतरी बिघडत गेलं. मल्हार पास देईना. बचावाला थांबायची ती पोरं गोल मारायला धावायला लागली. आणि शिफ्ट! कुणी बाहेर यायचं नावच घेईना. अश्लेषा समजावून थकली, केतकीला दोनदा फोन झाले. "सिस्टीम ठीक आहे मॅडम, प्रत्येकाची वैयक्तिक प्रगती वरच आहे," असं उत्तर मिळायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्रत्येकाची प्रगती होत होती आणि संघाचा बोऱ्या वाजत होता.

डेहराडूनच्या मुलांचा संघ सामना खेळायला आला त्या दिवशी तो बोऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाजला.

सामना बरोबरीत होता. पाहुण्यांची पोरं अर्ध्या पाऊण मिनिटाने बदलत होती, ताज्या पायांनी येत होती. नाशिकची पाच जणं आत गेली ती गेलीच. बाकावर वाट बघणाऱ्यांच्या कानात कानताई सांगत होती, "तयार राहा, आता तुझी वेळ." बर्फावरच्यांच्या कानात तीच सांगत होती, "थांब, अजून थोडं, आहे तुझ्यात." शेवटी बाकावरच्या दोघांनी वाट बघून बघून कठडा ओलांडून उड्या मारल्या. बर्फावर पाचाचे सात झाले. पंचाने शिट्टी फुंकून दंड दिला. पाहुण्यांचा प्रशिक्षक अश्लेषाकडे असा बघत होता, की पोरांना मोजायलाही शिकवत नाही का ही बाई. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अरे, बाहेर या! एकाला तरी दमायला होतंय का नाही?" ती ओरडली.

तेव्हाच तिची नजर सावनीवर गेली.

सावनी पगार, तुषारची लेक, संघातली सगळ्यात चपळ पोरगी. तिला दम्याचा त्रास होता. गार कोरड्या हवेत जोराने पळालं की तिच्या श्वासनळ्या आवळायच्या. सगळ्यांना माहीत होतं, तिचा पंप अश्लेषाच्या जॅकेटच्या खिशात कायम असायचा, आणि कधी फारशी वेळ आली नव्हती. कारण आपला श्वास कुठे अडायला लागतो हे सावनीइतकं कुणीच ओळखत नसे. ती नेहमी सगळ्यांच्या आधी, न लाजता बाहेर यायची. अश्लेषा नव्या मुलांना तिचंच उदाहरण द्यायची.

आज सावनी दुसऱ्या टोकाला पकच्या मागे होती आणि दर श्वासाला तिचे खांदे कानांपर्यंत उचलले जात होते.

"सावनी!" आठ वर्षांचा नियम अश्लेषाने एका क्षणात मोडला. "सावनी, बाहेर ये! आत्ता!"

सावनीने वळून पाहिलं. सरळ अश्लेषाकडे, तिच्या उघड्या तोंडाकडे, हलणाऱ्या हातांकडे. मग तिने मान फिरवली आणि पुन्हा पकमागे गेली. चार-पाच पावलांनंतर ती गुडघ्यांवर बसली.

अश्लेषा बुटांनीच बर्फावर धावली. एकदा सडकून आपटली, उठली, पुन्हा धावली. सावनीचे ओठ निळसर पडले होते. अश्लेषाने तिचं हेल्मेट काढलं आणि खिशातला पंप काढायला हात मोकळे हवेत म्हणून ते स्वतःच्या हनुवटीखाली दाबून धरलं. पट्ट्यातली ती पट्टी तिच्या जबड्याला टेकली, आणि तिच्याच डोक्याच्या आत, तिच्याच आवाजात, पण तिला कधी साधला नव्हता एवढ्या मायेने कुणीतरी म्हणालं, "शाब्बास सावनी. अजून थोडंसं. आहे तुझ्यात."

पंपाने दम मोकळा झाला. दवाखान्यात वाफ दिली, थोडा वेळ निरीक्षणाखाली ठेवलं, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून घरी सोडलं. पण अश्लेषाच्या मनातून सावनीचं ते वळून बघणं जाईना. दुसऱ्या दिवशी ती पगारांच्या घरी गेली. सावनी पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"मी बोलावलं तेव्हा ऐकू आलं नाही का गं तुला?"

"आलं ना." सावनीने पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली. "पण ताई, तुम्ही दोन्हीकडून बोलत होतात. एकीकडून ये म्हणत होतात, एकीकडून थांब म्हणत होतात. मग ज्या शांत होत्या, त्यांचं ऐकलं मी."

"आणि तुला स्वतःला? दम लागलेला कळला नाही?"

सावनी विचारात पडली. "आधी कळत होतं. मग तुम्ही म्हणालात आहे तुझ्यात, आणि मग खरंच कळायचं थांबलं."

अश्लेषा उठली आणि तडक शीतगृहाच्या ऑफिसात गेली. तुषार तिथे होता. केतकीही सकाळीच पुण्याहून आली होती.

"हा यंत्राचा दोष आहे," केतकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता आणि ती काही लपवायला आली नव्हती. "श्वास जोरात चाललाय म्हणजे मेहनत चाललीय, असा अर्थ त्याने घेतला. नळ्या आवळल्यात हे पट्ट्याला उशिरा कळतं. त्याच्या आधी कळतं ते मुलाला स्वतःला. पण..."

"पण ते तर तुम्ही पुढे सरकवलंत."

"आम्ही फक्त सोय दिली होती, मॅडम," केतकी हळूच म्हणाली आणि तिने तुषारकडे पाहिलं.

तुषारने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. पालकांच्या अॅपमध्ये तीन खुंट्या होत्या: धाडस, पुढाकार, चिकाटी. एक ते दहा. सावनीची चिकाटी सातावर होती.

"पाचावर होती," तुषार म्हणाला. "मल्हारच्या वडिलांनी त्याची सहावर नेली असं कळलं. म्हटलं, आपली पोर मागे नको पडायला. सगळ्यांनीच वाढवल्यात मॅडम, कुणी कुणाला सांगितलं नाही एवढंच. दम्याचं डोक्यात आलंच नाही असं नाही. पण म्हटलं, काय होतंय, आवाज तर तुमचाच आहे ना? तुम्ही काय तिचं वाईट होऊ देणार?"

त्याने हे इतक्या सरळपणे म्हटलं, की अश्लेषाला त्याच्यावर धड ओरडताही येईना. अठरा घरांनी मागल्या मागे तिच्या आवाजाच्या खुंट्या पिळल्या होत्या, आणि ते का, तर तिच्यावर भरवसा होता म्हणून!

"माझा आवाज काढून टाका," ती म्हणाली. "आजच्या आज."

"तुमचा हक्कच आहे तो," केतकी म्हणाली. "उद्या काढते. खुंट्यांवरही मर्यादा घालतोय आम्ही. फक्त तुम्हाला अंधारात ठेवत नाही म्हणून सांगते, पालकांनी मागणी केलीय, की मॅडमचा नसेल तर आईबाबांचा आवाज चालेल का."

"चालेल?"

"उलट जास्त चालेल. आईच्या आवाजाला तर मेंदू काहीच तपासत नाही."

तुषार पुढे सरसावला. "ते बरं की. माझा घाला. सावनीचं तर मी स्वतः बघेन. मी तिला आराम कर असंच सांगेन."

"तुषारभाऊ, आवाज तुमचा असेल. बोलणारे तुम्ही नसणार," अश्लेषा म्हणाली. "मी तरी कुठे होते? मी कठड्याशी उभी राहून बोंबलत होते!"

तुषार खाली बसला. अश्लेषा खिडकीशी गेली, परत आली. तिच्या डोक्यात तिडीक उठली होती आणि त्या तिडिकेतच तिला एक प्रश्न सुचला.

"केतकी, हा आवाज विश्वासाचा आहे, हे मेंदू ठरवतो कशावरून?"

"अनुभवावरून. तो किती वेळा खरा ठरला त्यावरून. मुलांच्यात ते पटकन बनतं."

"आणि मोडतं?"

"तेही पटकन मोडतं. दोन-चारदा फसले की मेंदू पुन्हा तपासायला लागतो. पण ते कोण कशाला..." केतकी थांबली. तिच्या लक्षात आलं. "मॅडम, असं करू नका. एकदा मोडलं की यंत्रातल्या आवाजाचं वेगळं आणि तुमचं वेगळं असं नाही राहणार. मुलांना दोन्ही एकच."

"म्हणूनच तर," अश्लेषा म्हणाली. "राहू दे माझाच आवाज. या मोसमात दुसऱ्या कुणाचा घालायचा नाही, एवढं लिहून द्या मला."

दुसऱ्या आठवड्यात सराव सुरू झाला तेव्हा तिने पोरांना मधल्या गोलात उभं केलं. हेल्मेटं, पट्ट्या, सगळं जागच्या जागी.

"आजपासून मी ज्या हाका मारेन त्यातल्या अर्ध्या खोट्या असतील," तिने जाहीर केलं. "कुठल्या खोट्या, ते मी सांगणार नाही. खोट्या हाकेला जो फसेल, त्याने सरावानंतर गोलाचे खांब उचलून ठेवायचे."

"कानताईच्या पण खोट्या?" झोयाने विचारलं.

"तिचं मला काय माहीत? तुम्हीच बघा."

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता. "मल्हार, डावीकडे!" म्हटलं की मल्हार डावीकडे जायचा आणि फळीवर आदळायचा, कारण डावीकडे कुणी नव्हतंच. "मागे बघ झोया!" म्हटलं की झोया मागे बघायची आणि पक पुढून जाळ्यात जायचा. "मस्त चाललंय, अजून एक फेरी!" असं ती पाय लटपटणाऱ्या पोरांना सांगायची, आणि जो फेरी मारायचा त्याच्या गळ्यात खांब. पोरं चिडली, रडली, घरी जाऊन तक्रारी केल्या. पालकांचे फोन आले. मुलांना खोटं बोलून शिकवतात का, असं एक आई म्हणाली, आणि अश्लेषाला तिचं म्हणणं खोडता आलं नाही.

हळूहळू पोरं हाक ऐकून क्षणभर थबकायला लागली. डोकं वर करून आधी बघायची, मग हलायची. केतकीकडच्या आलेखात प्रतिसादाचा वेळ वाढत चालला होता. "मॅडम, कानताईचा आता काही उपयोग राहिला नाही," तिने फोनवर कळवलं. आवाजात खंत होती की सुटका, ते तिचं तिलाच माहीत. "मुलं तिचं ऐकतात, आणि विचार करतात."

अश्लेषाला यात आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ज्या गोष्टी हातातून गेल्या त्याही तिला रोज दिसत होत्या. पूर्वी बूट बांधता बांधता पोरं तिला काय काय सांगायची: कुणाचा दात पडला, कुणाला गणितात किती मिळाले, कुणाची आई आजारी आहे. "होईल सगळं नीट," असं ती म्हणायची आणि पोरं निर्धास्त व्हायची. आता ती तेच म्हणाली, की पोरं तिचा चेहरा निरखायची. एका लहान मुलीला तिने "चल, आज लवकर घरी जा" म्हटलं, तर ती तशीच उभी राहिली. जाऊ की नको हे तिला ठरवता येईना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी अश्लेषा घरी गेली आणि भांडी आपटत राहिली. आठ वर्षं थेंब थेंब जमवलेलं तिने स्वतःच्या हाताने ओतून दिलं होतं, आणि त्याबद्दल रागवायला समोर कुणीही नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सावनी परत आली. बाकीच्यांचं ठीक, पण सावनीला आपला श्वास पुन्हा ऐकू येतो का, हे बर्फावर गेल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि नाही आला, तर तिचा खेळ संपला.

आपसात सामना लावला. काचेमागे तुषार उभा होता. सावनी आत गेली, दोघांना चकवून पुढे निघाली. समोर गोल मोकळा दिसत होता. तिचे खांदे जरा वर यायला लागले तेव्हा अश्लेषाचा हात आपोआप खिशातल्या पंपावर गेला. तोंडाने मात्र ती ओरडली, "जा सावनी! अजून आहे तुझ्यात!" कानातलीही तेच म्हणत असणार. पोर फसली तर शिट्टी फुंकायला ओठ तयार होते.

सावनी थबकली. तिने हातमोजा छातीवर ठेवला. काचेमागे तुषारने काहीतरी सांगायला हात वर केला, आणि मग तो हात खिशात घातला. सावनीने पक बाजूच्या मुलाकडे ढकलला, वळली आणि सरळ कठड्याकडे आली.

"दमले," ती म्हणाली. कुणी न सांगता तिने पंपासाठी हात पुढे केला, हेल्मेटची जाळी वर करून दोन फवारे घेतले आणि बाकावर बसली. तिच्या जागी मल्हार उडी मारून आत गेला.

अश्लेषाला राहवलं नाही. सगळे डाव, सगळ्या खोट्या हाका विसरून ती सावनीशेजारी टेकली. "सावनी, तू आज इतकं छान खेळलीस ना, की माझ्या बघण्यात इतकं छान कुणी खेळलेलं नाही."

सावनीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते बघणं अश्लेषाच्या ओळखीचं होतं, तिनेच ते शिकवलं होतं.

"हे खरं आहे का, ताई?"

"खरं आहे गं."

सावनीने आणखी थोडा वेळ तिचा चेहरा निरखला. घाईने काही ठरवलं नाही.

"बघते," ती म्हणाली, आणि श्वास जागेवर येतोय का ते बघत बर्फाकडे तोंड करून बसली.

अश्लेषाला तिला शाब्बास म्हणावंसं वाटलं. पण ते आता कुठल्या तोंडाने म्हणणार, म्हणून तिने नुसता पंप जॅकेटच्या खिशात परत ठेवला.